आप्पांचा जडवस्तू संग्रह

आप्पांनी एखाद्या वस्तूकडे मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून पाहिलं की माई ती वस्तू उचलतात आणि आत नेऊन ठेवतात. मग ते पुरणयंत्र असो नाहीतर कोपऱ्यातली छत्री. "अजून चालतंय हो ते," एवढंच म्हणतात. त्या नजरेचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो. आप्पा चालत्या वस्तूचं चित्र कधी काढत नाहीत. वस्तू गळायला लागली, गंजली, तिच्या जागी दुसरी आली, की मग आप्पांना तिच्याबद्दल उमाळा दाटून येतो आणि तो तैलरंगात उतरून दिवाणखान्याच्या भिंतीवर चढतो. 'आप्पांनी काढायला घेतलं' याचा अर्थ त्या घरात 'डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं' असा होतो.

कोल्हापुरात चित्रकार असण्यात तसं काही विशेष नाही. आबालाल रेहमान रंकाळ्याच्या काठी बसून रंगवत, बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेराच तयार केला, धुरंधर इथे जन्मले आणि मुंबईला जाऊन जे. जे.त मोठे झाले. गल्लीत दगड भिरकावला तर तो पैलवानाला लागेल नाहीतर पेंटरला, आणि पेंटरला लागावा अशी प्रार्थना करायची. आप्पा मात्र पाटबंधारे खात्यातले. ड्राफ्ट्समन. नोकरीभर त्यांनी धरणं काढली, कालवे काढले, सांडव्यांचे छेद काढले. ट्रेसिंगवर शाईचा एक थेंब सांडला तर आठवड्याची मेहनत गेली, अशा शिस्तीत वाढलेला हात. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ अजून चालतं, म्हणून त्याचं चित्र नाही.

खात्याने आणखी एक गोष्ट दिली, ती शालीसारखी कपाटात ठेवता आली नाही. सरकारी कचेरीत खुर्ची मोडली म्हणून कुणाला फेकता येत नाही. तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि रीतसर निर्लेखन होईपर्यंत ती कागदोपत्री ठणठणीत असते; प्रत्यक्षात तीन पायांवर जिन्याखाली का उभी असेना. आप्पांनी हा कायदा घरी आणला. प्रत्येक चित्राच्या मागे एक लेबल असतं, ड्राफ्ट्समनच्या एकसारख्या उभ्या अक्षरांत: 'वस्तू: बंब, तांब्याचा. खरेदी: सन १९५८ (वडिलांच्या सांगण्यावरून). बाद: सन १९९४. कारण: गीझर.'

या मालिकेत पहिला मान बंबाचाच. बंब चालू होता त्या काळी आप्पा रोज पहाटे त्याच्यापुढे उकिडवे बसून शेणकुटं आणि शेंगांची टरफलं कोंबत, डोळे पुसत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आमची मोरी त्यांच्या मोरीला लागून आहे. गीझर बसला त्या दिवशी त्यांनी बंबाला लाथ मारली, असं माई सांगतात. तोच बंब चित्रात असा उभा आहे, की जणू अंबाबाईच्या देवळातून पालखीतून आणलाय. धूर नाही, काजळी नाही, ओली लाकडं नाहीत.

"धूर कुठाय?" मी विचारलं.

"तैलरंगात धूर अवघड असतोय," आप्पा म्हणाले आणि ब्रश पुसायला लागले.

माईंचा आक्षेप वेगळा होता. "एवढा लख्ख कधी असायचा तो? मी चिंच लावून घासल्यावर दोन तास. म्हणजे हे चित्र माझ्या चिंचेचं. खाली सही मात्र ह्यांची."

तैलरंग म्हणजे मुळात जवसाचं तेल. रंगाची पूड त्या तेलात खलली की झाला तैलरंग. बाकी सगळी ट्यूबची आणि दुकानदाराची किंमत. आपण भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो तेच हे जवस. हे कळल्यापासून माई आप्पांच्या स्टुडिओला, म्हणजे मागच्या गॅलरीला, 'चटणीचा कारखाना' म्हणतात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषत शोषत ते घट्ट होतं, आणि त्याला काळवेळ नसतो. पातळ हात दिला तर काही दिवस, जाड थापलं तर महिने. वरून व्हर्निश मारायचं तर सहा महिने ते वर्षभर थांबायचं. आप्पा हे सांगताना "वाळत नाही हो, मुरतं" असं म्हणतात, आणि कोल्हापूरचा पाऊस पाहता ते खरंच आहे. मिरगात सुरू केलेलं चित्र गणपतीत बोटाला लागतं.

एका पावसाळ्यात आप्पांनी त्यांच्या थोरल्या आक्कांचं चित्र काढलं. जुन्या फोटोवरून; आक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती. रात्री दिवा चालू राहिला, एक चिलट येऊन आक्कांच्या डाव्या गालावर बसलं आणि तिथेच मुरलं. सकाळी आप्पांना ते दिसलंच नाही, चष्मा रंगाने माखलेला होता. पुढे दिवाळीला गडहिंग्लजची सगळी मंडळी आली. आक्कांच्या थोरल्या मुलीने चित्रासमोर उभी राहून पदर डोळ्याला लावला. "आईचा तीळ," ती म्हणाली, "अगदी हुबेहूब आलाय." धाकट्याला तीळ आठवेना, तर सगळ्यांनी त्याला झापलं, की तू लहान होतास. आता त्या घराण्यात आक्कांना तीळ होता. नातीच्या गालावर एक बारीक काळा ठिपका आहे, तो आक्कांकडून आला असंही ठरलं आहे. खरं काय ते माई, आप्पा आणि मी, तिघांनाच माहीत. आणि आप्पाही हल्ली 'होता बहुतेक' असं म्हणायला लागले आहेत.

जवसाच्या तेलाच्या आणखी दोन खोडी आहेत. एक म्हणजे अंधारात ठेवलं की ते पिवळं पडतं आणि उजेडात आणलं की पुन्हा बऱ्यापैकी निवळतं. भिंती केव्हाच भरल्यामुळे निम्मं घराणं पलंगाखाली असतं, आणि मे महिन्यात कोवळ्या उन्हात गच्चीवर येतं. एका बाजूला कुरडया, एका बाजूला आजोबा. कावळे हाकलायला नातवाला बसवतात, त्याला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. दुसरी खोड जास्त वाईट. या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापत जातात आणि कधी कधी पेट घेतात. काडी लावावी लागत नाही. आप्पांनी हे कुठेतरी वाचलं आणि जेवताना गंभीरपणे जाहीर केलं, की घरात आग लागू शकते. माईंनी आमटी वाढता वाढता म्हटलं, "इतकी वर्षं लागली नाही ती माझ्या कृपेने. तुमच्या चिंध्या मी पहिल्यापासून बादलीतल्या पाण्यात बुडवतेय. वास येतो म्हणून."

आता जरा न्यायाने बोलायला हवं. आप्पांचं पितळ उत्तम असतं. मी चित्रांतला जाणकार नाही, पण आप्पांचा स्टोव्ह पाहून माझ्या नाकात रॉकेलचा वास आला होता, हे सांगायला जाणकार असावं लागत नाही. पिनवाला स्टोव्ह. खाली पितळी टाकी, तीन पाय, मधे काळा पडलेला बर्नर, बाजूला पंपाचा दांडा थोडा बाहेर आलेला, आणि शेजारी काकडा. आता हा स्टोव्ह भर्रर्र करणार, असं वाटून मी अर्धं पाऊल मागे सरलो.

"पितळेला स्वतःचा रंग नसतोय," आप्पा मला समजावत होते. "पितळ म्हणजे समोर जे काय असेल ते. यलो ऑकर, रॉ अंबर, अंधाराच्या बाजूला चिमूटभर हिरवा. पांढरा अगदी शेवटी, टाचणीच्या टोकाएवढा. तो एकदाच ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. दुसऱ्यांदा हात लावलात की पितळेचं प्लास्टिक झालं."

मी जवळ जाऊन पाहिलं. टाकीच्या फुगीर अंगावर समोरची खिडकी वाकून पडली होती, गजांसकट. आणि खिडकीच्या बाजूला एक जांभळा ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा, खाली फुगलेला. त्याच्या मधोमध दोन पांढरे कण. मी चष्मा वर केला, खाली केला. ते कपबशा घेऊन आलेल्या माई होत्या. मग मी बंबाकडे गेलो. बंबाच्या पोटावरही एक ठिपका, हिरवा. घंगाळात निळा. पानाच्या डब्याच्या झाकणावर पिवळा, जेमतेम मोहरीएवढा. व्हान आयक नावाच्या चित्रकाराने १४३४ साली एका नवरा-बायकोच्या चित्रात मागच्या भिंतीवर फुगीर आरसा काढून त्यात दारात उभी असलेली माणसं दाखवली होती, ते मला आठवलं. आप्पांना म्हटलं, तर ते बावरले. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. "तिथं दिसत होतं ते काढलं," म्हणाले. "ती सारखी मधे मधे येत होती."

मी हे माईंना सांगायला नको होतं. त्या हात पुसत आल्या, स्टोव्हच्या टाकीला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं पोट एवढं आहे?"

माणसं काढताना मात्र आप्पांचा धीर सुटतो. त्यांच्या चित्रांतल्या एकाही माणसाला हात नाहीत. वडील शालीत. काका खिशात. मामी भल्यामोठ्या सुपाच्या मागे. लग्नातल्या ग्रुपमध्ये अकरा माणसं आणि सगळ्यांचे हात पाठीमागे, जणू कवायतीत 'विश्राम' म्हटलंय. याचं मूळ मला त्यांच्या शाळासोबत्याकडून कळलं. इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपराला आप्पांनी बाजार काढला आणि बाजारातली झाडून सगळी माणसं पाठमोरी काढून ए ग्रेड मिळवली. तेव्हापासून अवघड जागा झाकायची कला त्यांना साधली. खात्यात तिचा उपयोगही झाला असावा.

हातांचा विषय निघाला की आप्पा हळदणकरांकडे वळतात. सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. ते राजा रविवर्म्याचं आहे अशी अर्ध्या भारताची समजूत आहे. हळदणकरांनी आपल्या मुलीलाच, गीतेला, हातात दिवा देऊन उभं केलं होतं. त्या गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ साली १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. ज्योतीवर धरलेला तळहात, बोटांच्या कडांमधून लाल झालेला उजेड. "आणि ते तैलरंगातसुद्धा नाही," आप्पा दुःखाने म्हणतात. "जलरंग. चुकलं तर पुसता येत नाही. आणि त्या माणसाने हात काढलाय." मग थोडं थांबून, "पोरगी ऐकत होती म्हणून जमलं. आमच्यात कोण बसतंय?"

बसत नाही हे खरं. पण त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आप्पांनी त्यांचे थोरले बंधू तात्या यांना, वय शहाऐंशी, समोर बसवायचा प्रयत्न केला. तात्या खुर्चीत बसले, त्यांनी भिंतीवर नजर फिरवली. बंब, स्टोव्ह, पाटा-वरवंटा, आक्का, वडील, मोत्या. तात्या उठले. "मी नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलाय," म्हणाले, "बँकेत पोच आहे." आणि काठी घेऊन चालायला लागले.

मोत्याचं सांगायचं राहिलं. मोत्या हा गल्लीतून आपण होऊन घरात शिरलेला कुत्रा. तो होता तोवर आप्पांचं त्याच्याशी एकाच शब्दात बोलणं व्हायचं, आणि तो शब्द 'हाड'. मोत्या गेला आणि आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मग चित्र. पण मोत्याचा फोटोच नव्हता. एकच सापडला, तोही चेतक स्कूटरचा, आणि तिच्या मागच्या चाकाआडून मोत्याची शेपूट आणि कमरेचा भाग आला होता. आप्पांनी तेवढा भाग प्रामाणिकपणे उतरवला. पुढचा भाग कुठून आणायचा? रविवर्म्याचं १८९३ सालचं एक चित्र आहे. त्याची लेक महाप्रभा कडेवर मूल घेऊन उभी आहे, बाप येतोय तिकडे पाहतेय, आणि खाली एक कुत्राही त्याच दिशेला तोंड करून आहे. आप्पांनी पुढचा भाग तिथून उसना घेतला. त्यामुळे आमचा मोत्या पुढून त्रावणकोरच्या राजघराण्यातला आणि मागून शुक्रवार पेठेतला आहे. चेहऱ्यावर अशी काही वाट पाहण्याची भावना, की खरा मोत्या फक्त मटणाच्या दिवशी ती दाखवायचा. सध्या घरात एक मांजर आहे, मनी नावाचं. ते रोज पॅलेटवरून चालत जातं आणि सतरंजीवर कोबाल्ट ब्लूची पावलं उमटवतं. आप्पा तिला चप्पल फेकून मारतात. तिने वाट पाहावी. तिचाही दिवस येईल.

दोन वर्षांपूर्वी दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आप्पांचं प्रदर्शन झालं. गर्दी चांगली होती, आणि त्या गर्दीत चित्र कुणी पाहत नव्हतं. लोक बंबासमोर उभे राहायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, "आमच्यात ह्याच्यापेक्षा मोठा होता." मर्फी रेडिओसमोर, "आमचा चार बँडचा होता." घंगाळासमोर एक आजी म्हणाल्या, की आमच्या घंगाळात दोन पोरं एकदम बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते, की त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू सबंध जिल्ह्यात सर्वांत लहान होती. कॉलेजची एक मुलगी स्टोव्हपुढे थांबली आणि तिने अदबीने विचारलं, "काका, हा ड्रोन आहे का?"

शेवटच्या दिवशी हायवेवरच्या एका ढाब्याचे मालक आले. 'गावरान' धर्तीचा ढाबा. भिंतीला शेणाच्या रंगाचं प्लास्टर, छताला कंदील. त्यांनी स्टोव्हचं चित्र निरखून पाहिलं. आप्पा ताठ उभे राहिले.

"केवढ्याला?"

आप्पांनी आकडा सांगितला. चित्राला किती तास लागले, तेल कुठलं, कॅनव्हास कुठला, तेही सांगितलं.

"चित्राचं असू द्या हो. स्टोव्ह. खरा हाय का घरात?"

आप्पा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी टेम्पो आला आणि स्टोव्ह, घंगाळ व पानाचा डबा घेऊन गेला. पैसे माईंनी मोजून घेतले. चित्रं राहिली. आप्पांनी मागच्या लेबलांवर 'निर्लेखन पूर्ण' असा शेरा मारला आणि खाली सही केली, तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. काहीही म्हणा, फाइल बंद झाल्याचं सुख निराळंच. चेतक मात्र ते द्यायला तयार नाहीत. ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. नातवाने अलीकडे विजेवरची नवी चेतक घेतली, आप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ही सुरू व्हायला तिरकी करावी लागत नाही. मग हिची आठवण कशी यायची?"

माईंच्या त्या पोटाचं प्रकरण मिटलं नव्हतं. एक दिवस त्यांनीच फर्मान काढलं, की काढायचं तर सरळ काढा, डब्याच्या झाकणावर चोरून नको. अटी तीन. मागे लेबल लावायचं नाही. 'बाद' असा रकाना कुठेही असता कामा नये. आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. "ह्या घरात जे काय झालंय ते ह्या हातांनी झालंय," त्या म्हणाल्या, "ते काय सुपामागं झाकून ठेवू?"

आप्पांची झोप उडाली. शिवाय माई बसायला तयार नव्हत्या. त्यांना वेळ नव्हता. त्यांना उभं करावं तर कुकरची शिट्टी व्हायची, बसवावं तर दूधवाला यायचा. हात तर क्षणभर एका जागी ठरत नव्हते. शेवटी नातवाने तोड काढली. आजीला पैठणी नेसवली, नथ घालायला लावली आणि तिच्या गळ्यात गळा घालून मोबाइलवर सेल्फी काढला. "आजोबा, आता ह्यावरून काढा. मला गाळा." सेल्फीत माईंचे हात नीट आले होते, एका हातात लाटणं होतं, ते ठेवायला वेळ मिळाला नव्हता.

आप्पांनी अख्खा हिवाळा त्या चित्राला दिला. मी सांगतो, हात आले. बोटांची पेरं, लाटण्यावरची पकड, बांगड्यांखालचा जुना भाजल्याचा डाग, सगळं. गल्लीतली माणसं वर येऊन पाहून गेली. तात्यासुद्धा आले, दारातूनच पाहिलं, पण आले. माईंना सगळ्यांत शेवटी बोलावलं. त्या आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गॅलरीत कुणी बोलेना.

"नथ उजव्या नाकपुडीत कुठली?" माई म्हणाल्या. "आणि पदर उजव्या खांद्यावर? मी काय गुजराथीण आहे?"

आप्पांनी मोबाइल घेतला, पाहिला, चित्राकडे पाहिलं. सेल्फी आरशासारखा उलटा आला होता. कचेरीत असं झालं की ज्या आवाजात साहेबाला सांगायचे, त्याच आवाजात ते म्हणाले, "ट्रेसिंग उलटं लागलंय." मग खुर्ची पुढे ओढली, पॅलेट नाइफ घेतला आणि नथ खरवडायला सुरुवात केली. रंग अजून ओला होता, अलगद निघत होता. माई स्वयंपाकघरात पोचल्या होत्या, तिथूनच त्यांचा आवाज आला, "सगळं उलटं करतायच तर ते पोट पण जरा बघा. तिथं काही उलटंसुलटं नाही, तिथं नुसता रंग जास्त झालाय."